दलाल कोणाचा?

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपले वाडवडील सांगून गेले. पण हल्ली शहरात घर बांधतो कोण? म्हणून मी म्हणतो, घर पाहावे विकत घेऊन! पंचवीस वर्षे भाड्याच्या बिऱ्हाडात काढल्यावर गेल्या वर्षी ठाण्यात आम्ही हा अनुभव घेतला.

जागा जुन्या सोसायटीतली. मालक परगावी, म्हणून सारा व्यवहार त्यांच्या दलालामार्फत. गृहस्थ इतके गोड की, पहिल्याच भेटीत आमच्या सौ.ला 'वहिनी' म्हणू लागले. खिडकीतले कोवळे ऊन पाहून सौ. हरखून म्हणाली, "अहो, तुळस इथेच ठेवायची बरं का!" मीही मागे राहिलो नाही. प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम किती, बँक कर्ज किती देणार, दिवाळीपर्यंत जुनी जागा कशी सोडायची आहे, हे सारे एका कप चहावर सांगून टाकले.

झाले! दुसऱ्याच दिवशी निरोप आला. "मालकांनी भाव दोन लाखांनी वाढवलाय. दुसरं गिऱ्हाईकही आहे. शनिवारपर्यंत टोकन द्या."

जन्मभराची पुंजी ती! पण मी मुकाट्याने चेकबुक काढले. तेवढ्यात आमचे वकील मेहुणे आले.

"दादा, हा दलाल कोणाचा?"

"आपलाच की! हिला वहिनी म्हणतो."

"वहिनी म्हटल्यानं कोणी दीर होत नाही. त्याला नेमलंय मालकानं. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणं त्याची बांधिलकी मालकाशी. तुमची गरज त्यानं मालकाच्या कानावर घातली, ही लबाडी नव्हे, त्याचं कामच ते!"

चेकबुक परत कपाटात गेले. दलाली किती आणि ती दोन्हीकडून घेणार का, हे आम्ही आधी लिहून घेतले. टेप घेऊन खोल्या मोजल्या. सांगितलेल्या ६२० चौरस फुटांतले ४५५ तेवढे आमच्या पायांखाली येत होते. बाकीचे जिना, भिंती वगैरेंत मुरले होते! दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून 'इंडेक्स टू'चा उतारा काढला. सोसायटीच्या नावे म्हणून दलालाने एक लाख हस्तांतर शुल्क सांगितले होते. सरकारच्या २००१ च्या परिपत्रकाप्रमाणे महापालिका हद्दीत त्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये.

शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटलो. तेव्हा कळले की, मालकाचा सहा महिन्यांचा मेंटेनन्स थकलेला आणि जागेवर बँकेचा बोजा. म्हणजे घाई आमची एकट्याची नव्हती तर!

मग आम्ही लेखी कळवले: भाव पहिलाच, टोकन थोडे आणि चेकने, कागद स्वच्छ न निघाल्यास ते परत, बँकेचे देणे आमच्या रकमेतून थेट बँकेला. दुसरे गिऱ्हाईक कुठे गेले कोण जाणे! तीन आठवड्यांत सौदा जमला. ठरलेली दलाली मी आनंदाने दिली. माणसाने काम चोख केले होते. फक्त ते आमचे नव्हते.

गेल्या दिवाळीला नव्या घरात ते फराळाला आले. चकली मोडत सहज विचारले, "वहिनी, जुन्या जागेचं डिपॉझिट किती परत मिळालं हो?"

सौ.ने ताट पुढे सरकवले. "भावोजी, आणखी एक करंजी घ्या ना!"