पाणी उंबऱ्याला लागायच्या आधी

आमच्या सांगलीत पावसाळ्यात सकाळच्या चहाबरोबर एकच प्रश्न, "आयर्विनला किती झालं?" आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. इथल्या शेंबड्या पोरालाही हे आकडे पाठ. तरी ऑगस्ट २०१९ मध्ये आम्ही फसलोच.

कारण आमच्या घरात आणखी एक माप होतं. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवरची २००५ च्या पुराची खूण. सासूबाई ठाम, "त्या साली इथवर आली, त्याच्यावर कृष्णामाई येत नाही." मग काय! मी गव्हाचे डबे तिसऱ्या पायरीवर ठेवले, लग्नातल्या साड्या माळ्यावर चढवल्या नि निवांत स्वयंपाकाला लागले. तिकडे कोयनेतून पाणी सुटत होतं, इथं पातळी ५७ फुटांच्या वर गेली. डबे तरंगले. आम्ही दोन रात्री अंधारात गच्चीवर.

तिसऱ्या दिवशी नाव आली. तिच्यात चढताना माझा पाय लटलटत होता. त्याच आठवड्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी नाव उलटली. खच्चून भरलेली होती. गेलेल्यांत बायका नि लेकरंच जास्त.

मैत्रिणींनो, रागवू नका, पण उशीर आपण करतो. खरं म्हणजे आपल्याला करायला लागतो. म्हशीचं कोण बघणार? देव कसे सोडायचे? म्हातारी माणसं हलत नाहीत. आणि एक कारण कुणी बोलतच नाही, ते म्हणजे निवाऱ्याला दिलेल्या शाळेतला संडास. एवढ्या माणसांत दोन, त्यातल्या एकाला कडी नाही. पाळी असली तर विचारूच नका. माझी शेजारीण केवळ त्यापायी पाणी गुडघ्याला लागेतो घरात बसून राहिली. पुराच्या तयारीची बैठक भरते, तिथं नावा नि दोरखंडांबरोबर या कडीचाही विषय निघायला हवा. आणि तो काढायला तिथं बाई हवी.

गुडघाभर पाण्याचं काय एवढं, असं वाटतं ना? वाहतं असेल तर तेवढंच माणसाला आडवं करतं. साडी पायात गुंडाळली की पाऊल उचलत नाही, आणि खाली गटार उघडं आहे का, ते गढूळ पाण्यात दिसत नाही. म्हणून आता ४० ऐकलं की मी पिशवी भरते. रेशन कार्ड, आधार, बँकेचं पुस्तक, सासूबाईंच्या गोळ्या, पॅड, टॉर्च. मेन स्विच बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवायचा नि कोरड्या पायानं नणंदेकडे. जुलै २०२१ मध्ये अशीच निघाले तेव्हा गल्ली हसली. "वहिनी, लई घाबरता!" त्याही वेळी पाणी ५० फुटांच्या वर गेलं. घरात डबे भिजले. भिजू देत.

माझे मिस्टर नि दीर लहानपणी घाटावरून कृष्णेत उड्या मारायचे. नणंद काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायची. यंदा लेकीला मी पोहायच्या क्लासला घातलंय. सासूबाई कुरकुरतात. पुराच्या पाण्यात पट्टीचा पोहणाराही टिकत नाही, हे मलाही कळतं. पण नावेत चढताना तिचा पाय तरी माझ्यासारखा लटलटणार नाही.