पावाचे मासे

हैदराबादहून मालवणला जाऊन आलेल्यांच्या फोनमध्ये एक फोटो असतोच: तोंडात नळी आणि भोवती काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे. माझ्याकडेही आहे. पण खरं सांगायचं तर तो फोटो पावाचा आहे. गाईड पाव चुरून हातात देतो, माशांची झुंबड उडते, क्लिक! पाव संपला की मासे गायब.

हे चालतं कुठे, तर सिंधुदुर्ग किल्ला ज्यावर उभा आहे त्या कुरटे बेटाभोवती. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. ताडोबात कुणी हरणाला बिस्कीट टाकलं तर आपण ओरडू. पाण्यात मात्र तेच पॅकेजमध्ये येतं.

मला वाटतं, पाव नको म्हणावं आणि खडकाजवळ दहा मिनिटं नुसतं तरंगावं. फोटो कमी येतील, काही कुरूपही येतील. येऊ देत. माशाच्या अंगाला किंवा कल्ल्यात कधीकधी उवेसारखा एक परजीवी चिकटलेला असतो. तो कीटक नाही, कोळंबी-खेकड्यांच्या गोतातला. त्याच्या भाईबंदांपैकी एक जात तर कल्ल्यातून तोंडात शिरते, जिभेचं रक्त शोषून ती झिजवते आणि स्वतःच जिभेच्या जागी बसते! मासा तरीही जगतो. असला मासा फ्रेममध्ये आला तर 'शी!' करून डिलीट करू नका.

नाववाल्यांच्या पोटावर पाय येईल, असं काहीजण म्हणतात. का यावा? पाव नाकारला तरी पैसे तेवढेच द्यायचे. पुढच्या सहलीत आमचा ग्रुप नावेत बसायच्या आधीच हे सांगणार आहे.