जिवंतपणीचे मरण

‘किंगमेकर’ हा शब्द मराठी वृत्तपत्रांत आता इतका रुळला आहे, की तो ज्याच्याशी जोडला गेला त्या रिचर्ड नेव्हिलचे, वॉरिकच्या अर्लचे, स्मरण क्वचितच होते. इंग्लंडचे राजे बसवणाऱ्या आणि उठवणाऱ्या या पुरुषाची ही पदवी मुळात त्याच्या घराण्याची नव्हती. ती त्याला पत्नीमुळे मिळाली, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

पदवी बीचम घराण्याची. रिचर्ड बीचम १४३९ मध्ये वारला, पुत्र हेन्री १४४६ मध्ये आणि हेन्रीची चिमुकली मुलगी १४४९ मध्ये. मागे राहिल्या हेन्रीच्या चार बहिणी. तिघी थोरल्या, पण सावत्र. सख्खी एकच, अ‍ॅन, नेव्हिलची पत्नी. सावत्र नात्याला वारसा नाकारणारा नियम पुढे आला आणि पदवी अ‍ॅनकडे, म्हणजेच व्यवहारात तिच्या पतीकडे गेली. थोरल्या बहिणींची तक्रार मात्र शमली नाही.

१४ एप्रिल १४७१ रोजी बार्नेटच्या लढाईत नेव्हिल मारला गेला. जहागिरीचा मोठा भाग अ‍ॅनच्या माहेरचा. पतीच्या बंडाने तो बुडावा असे न्यायतः नव्हते. परंतु तिचे दोन्ही जावई, क्लॅरन्स आणि ग्लॉस्टर, राजाचे सख्खे भाऊ होते. ब्युलीच्या मठात आश्रय घेतलेल्या अ‍ॅनने, लेखनिक मिळेना म्हणून, स्वहस्ते विनंतीपत्रे लिहिली. १४७४ मध्ये पार्लमेंटने कायदाच केला : ती जणू मरण पावली आहे असे समजून मालमत्ता वाटली जावी. ही ‘मृत’ स्त्री पुढे १४९२ पर्यंत जगली. १४८७ मध्ये सातव्या हेन्रीने तिची मालमत्ता तिला परत केली, ती बहुतांशी त्याच्याच नावे करून घेण्यासाठी. तिचा नातू एडवर्ड तुरुंगातच वाढला आणि १४९९ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला.

वंशवृक्ष पाहताना वारसा रक्तातून आपोआप वाहत येतो असा भास होतो. आमच्या मते हा भास घातक आहे. अ‍ॅनला रक्ताच्या नियमाने वारस ठरवले, तेव्हा त्यात बलाढ्य पतीचा लाभ होता; पंचवीस वर्षांनी तेच रक्त जावयांना अडचणीचे झाले, तेव्हा तिला कागदोपत्री मारले गेले. शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’ या नाटकात तिची मुलगी लेडी अ‍ॅन आहे, दोन्ही जावई आहेत. जिच्या वारशावरून ते भांडले, ती मात्र रंगमंचावर येत नाही. पार्लमेंटने तिला मृत मानले. साहित्यानेही तेच मानावे काय?