जपानची रिकामी घरे आणि आपल्या वस्तीतली कुलुपे

जपानमध्ये काही लाख रुपयांत जुने घर मिळते, असे व्हिडिओ सध्या तरुणांच्या मोबाईलवर फिरत आहेत. अशा ओस पडलेल्या घराला तिकडे ‘अकिया’ म्हणतात. अहिल्यानगर जिल्ह्याला जपान तसा परका नाही. पारनेर तालुक्यातील सुपे हे जपानी औद्योगिक नगरींच्या यादीत आहे. शिवाय बुद्धाला मानणारा देश म्हणून आपल्याला त्याची ओढ आहेच. म्हणूनच या स्वस्ताईचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा.

२०२३ च्या सरकारी पाहणीनुसार जपानमध्ये सुमारे ९० लाख घरे रिकामी आहेत, म्हणजे एकूण घरांच्या १३.८ टक्के. त्यातली ३८ लाखांहून अधिक घरे ना भाड्याला आहेत ना विक्रीला. तरुण टोकियो-ओसाकाला गेले, म्हातारी माणसे वारली आणि वारसांनी नावे लावली नाहीत.

परदेशी माणसाला तिथे घर घेता येते. भारतातून वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवण्याची मुभाही आहे. पण घर घेतले म्हणून व्हिसा मिळत नाही. १९८१ पूर्वीची घरे भूकंपाच्या नव्या निकषांआधी बांधलेली आहेत. त्यांची दुरुस्ती आणि दरवर्षीचा कर वेगळाच. किंमत कमी असली, तरी खरा खर्च नंतर सुरू होतो.

जपान सरकारने यातून धडा घेतला. १ एप्रिल २०२४ पासून वारसा कळल्यावर तीन वर्षांत नोंद करणे तिथे बंधनकारक झाले. टाळाटाळ करणाऱ्याला दंड आहे.

आता आपल्याकडे पाहू. पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून कुटुंबे ऊसतोडीला जातात, कुणी पुण्या-मुंबईत कायमचे राहिले. गावच्या बौद्धवस्तीत घराला कुलूप आणि दप्तरात आजोबांचे नाव! ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा हातात आहे म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण तो करआकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे.

२०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रक दिले जाते. त्याआधी हक्कांची चौकशी होते. त्या वेळी घरचे कुणी हजर नसेल, तर हद्दीवर आणि नावावर बोलणार कोण? जागेचा कागद नसेल, तर रमाई आवास योजनेचे घरकुलही अडते.

वारस लावताना बहिणींची नावे गाळू नयेत. हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि वडिलांच्या मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. समतेची भाषा आपण व्यासपीठावर बोलतो, ती घराच्या उताऱ्यावरही दिसली पाहिजे.

गावोगावच्या मंडळांना आमचे सांगणे आहे, वस्तीतल्या बंद घरांची यादी करा. बाहेरगावच्या वारसांना फोन करून मृत्यूदाखले आणि वारसांची प्रतिज्ञापत्रे तयार ठेवायला सांगा. पत्रक निघाले असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज द्या. ज्याला जपानमध्ये घर घ्यायचे त्याने जरूर घ्यावे, पण आधी आजोबांच्या घराचा उतारा काढून पाहावा.