पिंजोरची गिधाडं आपल्या रानात आहेत

गोपालक, पशुवैद्यक आणि औषध दुकानदारांना जाहीर आवाहन

हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढलेली गिधाडं २०२४ च्या सुरुवातीला पेंच आणि ताडोबात आणली गेली आणि नंतर रानात सोडली गेली. हे केंद्र हरियाणा वनविभाग आणि मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) मिळून चालवतात. जुनागढ, भोपाळ, हैदराबाद आणि रांचीतही प्राणिसंग्रहालयांच्या आधाराने हेच काम सुरू झालं.

‘पिंजऱ्यात कोंडून कसलं संवर्धन?’ असं पुष्कळदा ऐकू येतं. प्रश्न रास्त आहे. नुसत्या तमाशासाठी जनावरं डांबणाऱ्यांची बाजू आम्हीही घेणार नाही. पण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. रानात ते गेलं की बहुधा वर्ष वाया. केंद्रात पहिलं अंडं उचलून यंत्रात उबवतात, मग काही जोड्या दुसरं घालतात. निम्म्याहून कितीतरी अधिक गिधाडं संपल्यावर, काही जातींची तर शेकडा पंचाण्णवांहून जास्त, दुसरा उपाय तरी कोणता होता?

ती संपली डायक्लोफेनॅकमुळे. हे औषध टोचलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे. माणसांच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचू लागल्या, म्हणून २०१५ मध्ये तीन मिलिलिटरची मर्यादा आली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकही जनावरांसाठी बंद झालं. तरी ‘लवकर गुण येतो’ म्हणून माणसांचं इंजेक्शन मागणारे आहेत, आणि देणारेही.

तेव्हा विनंती अशी. बैल लंगडला, गायीला ताप आला, तर डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम द्यायला सांगा. ते गिधाडांना सुरक्षित आहे. दुकानदारांनी जनावरासाठी म्हणून मागितलेलं डायक्लोफेनॅक देऊ नये, गिऱ्हाईक ओळखीचं असलं तरी. बिबट्यावरच्या किंवा मोकाट कुत्र्यांवरच्या रागापोटी मेलेल्या ढोरावर विष टाकू नका. त्यात गिधाडांचा अख्खा थवा जातो.

ही विनंती फक्त जंगलालगतच्या गावांपुरती नाही. ताडोबातून निघालेलं एक गिधाड थेट तामिळनाडूत पोचलं होतं. सोडलेल्यांपैकी काही दगावलीही. पाठीवर माग काढणारं छोटं यंत्र असलेला मोठा पक्षी शेतात बसलेला दिसला तर त्याला हुसकू नका, पकडू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.