मेंढीचे चोर आणि मुलखाचे चोर

आयर्लंडमधून ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर धाडलेल्या कैद्यांविषयी बूर्झ्वा इतिहासलेखनाने दोन सोयीस्कर समज रूढ करून ठेवले आहेत. पहिला असा की, ही बहुतेक मंडळी सामान्य चोर होती. आणि चोराला शासन झाले तर त्यात गैर ते काय? दुसरा, वरवर पाहता याच्या उलट भासणारा, असा की, त्यांच्यातील मूठभर देशभक्त तेवढे वंदनीय. उरलेल्यांचा आयरिश जनतेच्या लढ्याशी संबंध नाही. दोन्ही समजांच्या मुळाशी गृहीतक एकच आहे. मालमत्तेचा कायदा वर्गातीत असतो, आणि भुकेल्याने मेंढी मारली तर तो त्याचा खाजगी अपराध ठरतो! या गृहीतकाचा समाचार घेणे अगत्याचे आहे.

१७९१ साली ‘क्वीन’ हे जहाज आयर्लंडहून थेट कैदी घेऊन सिडनीकडे निघाले. तेव्हापासून १८५३ पर्यंत सुमारे ४०,००० स्त्रीपुरुष आयर्लंडमधून सरळ ऑस्ट्रेलियात नेण्यात आले. त्यांच्यात गाय, मेंढी, घोडा वा डुकर चोरल्याचा आरोप शाबीत झालेल्यांचा भरणा मोठा होता. या गुन्ह्यांकडे ब्रिटिश पार्लमेंट किती गांभीर्याने पाहत होते, हे एकाच गोष्टीवरून कळते. घोडा, गुरे वा मेंढ्या चोरणाऱ्याला कायद्यात १८३२ पर्यंत फाशीची तरतूद होती. त्या वर्षी ती रद्द झाली आणि तिच्या जागी जन्मठेप काळे पाणी आले. ब्रिटिश उदारमतवाद ज्या सुधारणेबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतो, ती ही!

टिपेरारी परगण्यातील जॉन केली या तरुणाला १८४१ साली दोन डुकरे चोरल्याबद्दल सात वर्षे काळ्या पाण्याची सजा झाली आणि १८४२ च्या आरंभी तो व्हॅन डीमेन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियाला, पोहोचला. दोन डुकरांना सात वर्षे! आयरिश कुळाच्या झोपडीत डुकर हे खाण्यासाठी नसे. ते विकून जमीनदाराचा खंड भागवायचा असे. कूळ स्वतः बटाट्यावर जगे. त्याने पिकवलेला गहू, ओट, लोणी आणि पोसलेले जनावर खंडाच्या रूपाने बाजारात व तेथून इंग्लंडात जाई. जनावर हे तेथे अन्न नव्हते, ते भांडवल होते. म्हणूनच त्याला हात लावणाऱ्याची शिक्षा एवढी जबर होती.

१८४५ साली बटाट्यावर करपा पडला आणि या व्यवस्थेचे खरे स्वरूप उघडे पडले. पुढील सहासात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व तापाच्या साथींनी मेली आणि त्याहून अधिक देशोधडीला लागली. अन्न नव्हते म्हणून माणसे मेली, असे सांगण्यात येते. १८४७ मध्ये बाहेरून आलेले धान्य निर्यातीहून अधिक होते, हे खरे; परंतु ते येण्यापूर्वीच्या भीषण हिवाळ्यात आयरिश बंदरांतून धान्य आणि गुरे बाहेर जातच होती. त्याच १८४७ च्या उन्हाळ्यात सरकारी सूपकेंद्रांतून दररोज तीस लाखांच्या आसपास लोकांना अन्न मिळाले. म्हणजे राज्यसंस्थेला मनात आणल्यास लोकांना जगवता येत होते! तरीही ती केंद्रे त्याच वर्षी बंद करण्यात आली, मदतीचा सारा बोजा आयर्लंडमधील स्थानिक करांवर लोटण्यात आला, आणि पाव एकराहून अधिक जमीन धारण करणाऱ्या कुळाला मदत नाकारणारे कलम कायद्यात घालण्यात आले. घास हवा असेल तर जमीन सोडा, असा त्या कलमाचा सरळ अर्थ होता.

या काळात फौजदारी खटल्यांसाठी उभ्या केलेल्या माणसांची संख्या दुपटीहून अधिक वाढली. गुरे व मेंढ्यांची चोरी हा नित्याचा गुन्हा बनला. तुरुंग इतके तुंबले की १८४७ साली कॉर्कच्या बंदरातील स्पाइक बेटावर कैद्यांची नवी छावणी उघडावी लागली. किनाऱ्यावर जहाजाची वाट पाहणारे शेकडो कैदी त्या बेटावरच मेले. आणि ज्यांना काळे पाणी झाले, त्यांच्यातील काहींनी ती शिक्षा मागून घेतली होती! मुद्दाम आग लावून वा चोरी करून न्यायाधीशापुढे उभ्या राहणाऱ्या स्त्रियांची उदाहरणे नमूद आहेत. कैद्याला निदान शिधा मिळतो, स्वतंत्र प्रजाजनाला तोही मिळत नाही, असा हिशेब जेथे उपाशी माणूस करतो, तेथील ‘कायद्याच्या राज्या’विषयी अधिक काय बोलावे?

आकडे याहून निर्दय आहेत. १८४१ साली आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८१ लाख ७५ हजार होती. १८५१ साली ती ६५ लाख ५२ हजारांवर आली. याच दहा वर्षांत गाईबैलांची संख्या सुमारे १८ लाख ६० हजारांवरून २९ लाख ६० हजारांच्या पुढे गेली. माणसे सोळा लाखांनी घटली, गुरे अकरा लाखांनी वाढली. झोपड्या पाडून कुरणे करण्यात आली, आणि कुरणावरचे जनावर मारून खाणारा माणूस समुद्रापार फेकण्यात आला. ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात कार्ल मार्क्सने आयर्लंडसाठी स्वतंत्र उपविभाग राखून माणसांच्या घटीचे आकडे आणि जनावरांचे तक्ते मांडले, ते याचसाठी.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. चोरलेली मेंढी दर वेळी लॉर्डाचीच नसे. पुष्कळदा ती शेजारच्या लहान शेतकऱ्याची असे. मग यात वर्गसंघर्ष कसला? आक्षेपातील वस्तुस्थिती नाकारण्याचे कारण नाही. उपासमार माणसाला प्रथम जवळच्या दारात नेते. पण प्रश्न चोराच्या सद्‌गुणांचा नाहीच. प्रश्न असा आहे की, बेदखल केलेल्या गावांचा, ओस पाडलेल्या परगण्यांचा खटला कोणत्या न्यायालयात चालला? किती जमीनदार जहाजावर चढवले गेले? १८४२ साली तरुण मार्क्सने ऱ्हाइन प्रांतातील लाकूडचोरीच्या कायद्यावर टीकेचा आसूड ओढला, तेव्हा त्याने हेच दाखवले होते. गरिबाचा परंपरागत हक्क आधी हिरावून घ्यायचा आणि मग तोच हक्क बजावणाऱ्याला चोर ठरवायचे, ही मालमत्ताधारी राज्यसंस्थेची रीत आहे.

आणि या चोरांना सुधारण्यासाठी नेले कोठे? १८४० पर्यंत न्यू साउथ वेल्समध्ये कैदी खाजगी मालकांना वाटून देण्यात येत आणि त्यांच्यातील अनेकांना मेंढपाळ व गुराखी म्हणून राबवले जाई. आयर्लंडात मेंढी चोरली म्हणून हद्दपार झालेला माणूस तेथे हजारो मेंढ्यांचे कळप राखू लागला, तोही दुसऱ्यांच्या भूमीवर! ती भूमी तेथील आदिवासींकडून बळाने हिसकावलेली होती, आणि त्या लुटीला ब्रिटिश राज्याचे संरक्षण होते. शोषिताला शोषणाचे हत्यार बनवण्यात साम्राज्यशाहीचा हात कोणी धरू शकत नाही. जून १८३८ मध्ये मायल क्रीक येथे निदान अठ्ठावीस आदिवासी स्त्रिया, मुले व वृद्ध यांची कत्तल झाली. ती करणारे गुराखी कैदी वा माजी कैदी होते. त्यांच्यातील सात जण फासावर गेले; त्यांचा म्होरक्या, स्वतंत्र जन्माचा जमीनवाला जॉन फ्लेमिंग, कधीच न्यायालयापुढे उभा राहिला नाही. कैद्याचे हात रक्ताने माखले, आणि मेंढ्या, लोकर व जमीन मालकाकडे राहिली.

आता दुसरा समज. १८४८ च्या चळवळीचे नेते जॉन मिचेल, स्मिथ ओब्रायन, थॉमस मीगर यांना देशभक्त म्हणून मानाचे स्थान आहे. त्यांचे धैर्य निःसंशय होते. परंतु व्हॅन डीमेन्स लँडमध्येही सरकारने त्यांची सभ्य गृहस्थांची प्रतिष्ठा राखली. तोंडी वचनावर त्यांना मोकळे राहण्याचा परवाना देऊ केला. त्याच बेटावर मेंढीचोर टोळ्यांतून सक्तीची मजुरी करीत होते. तुरुंगातही वर्ग सुटला नाही! आणि हाच मिचेल पुढे अमेरिकेत निग्रो गुलामगिरीचा कट्टर पाठीराखा बनला, हेही विसरता येत नाही. स्वतःच्या राष्ट्राची बेडी दिसणे निराळे आणि श्रमिकाची बेडी दिसणे निराळे.

मार्क्सवादी इतिहासकार जॉर्ज रूडे यांनी १९७८ साली या हद्दपारांतील निषेधकर्त्यांची काळजीपूर्वक मोजदाद केली. १७८८ ते १८६८ या काळातील सुमारे १,६२,००० कैद्यांपैकी त्यांची संख्या साडेतीन हजारांच्या आसपास भरली, आणि त्यांत आयरिशांचा वाटा सर्वांत मोठा निघाला. ही मोजदाद मोलाची आहे. पण उरलेल्या दीड लाखांवर ‘अराजकीय’ असा शिक्का मारण्यासाठी तिचा वापर करणे, हा तिचा विपर्यास आहे. मॅनिंग क्लार्क व एल. एल. रॉब्सन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या कैद्यांत सराईत चोर शोधले. १९८८ साली ‘कन्व्हिक्ट वर्कर्स’ या ग्रंथाने ते बहुतांशी सामान्य, कामाचे हात असलेले श्रमिक होते असे दाखवले. भुकेल्याचा हेतू राजकीय नसेलही. त्याला झालेली शिक्षा मात्र संपूर्णपणे राजकीय होती.

याचा अर्थ चोरीचा गौरव करावा असा नव्हे. रात्री एकट्याने मारलेली मेंढी एका कुटुंबाला चार दिवस जगवते. जमीनदारी तिने तसूभरही हलत नाही. हा धडा आयरिश शेतकऱ्याने पुढच्या पिढीत कृतीतून गिरवला. १८५० साली मेयो परगण्यातील घरातून हुसकावलेल्या कुटुंबातील मायकेल डेव्हिट अकराव्या वर्षी लँकेशायरच्या कापडगिरणीत हात गमावून बसला, पुढे सात वर्षे इंग्रजांच्या तुरुंगात राहिला आणि १८७९ साली लँड लीगचा संस्थापक झाला. खंड रोखणे, बेदखल केलेली जमीन कोणी न घेणे, जमीनदाराच्या माणसावर सामुदायिक बहिष्कार टाकणे, ही तिची शस्त्रे होती. जे हजारो मेंढीचोरांना साधले नव्हते, ते संघटित कुळांनी साधले. जमीनदारीचा कणा मोडला आणि १९०३ च्या कायद्याने कुळांना जमिनी विकत देण्याची पाळी खुद्द ब्रिटिश सरकारवर आली. भूमिहीन मजुराच्या पदरात मात्र त्यातून फार थोडे पडले, कारण लढ्याचे नेतृत्व त्याच्या हाती नव्हते.

भारतीय वाचकाला या कथेतील पात्रे परकी वाटू नयेत. दुष्काळात ईश्वरी योजना पाहणारा आणि त्याच सेवेच्या काळात १८४८ साली ‘सर’ झालेला कोषागाराचा अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेलियन बंगालच्या मुलकी नोकरीत तयार झाला होता. १८५९ साली तो मद्रासचा गव्हर्नर होऊन परतला. पाव एकराचे कलम सुचवणारा विल्यम ग्रेगरी १८७२ साली सिलोनचा गव्हर्नर झाला. सिंधमध्ये नेपियरने उभारलेले पोलीस दल आयरिश नमुन्यावरचे होते. आणि १८७१ साली याच राज्यकर्त्यांनी भारतात जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. तो १९५२ साली रद्द झाला, तरी त्याने मारलेला शिक्का पुसला गेलेला नाही.

गुन्हेगार कोण, हे ठरवण्याचा अधिकार ज्या वर्गाच्या हाती, त्याच्याच हाती जमीन, धान्य आणि जहाजे होती. ज्याने मेंढी चोरली त्याचे नाव, वय, परगणा व शिक्षेची मुदत सरकारी रजिस्टरात काटेकोरपणे लिहिली गेली. ज्यांनी मुलूख चोरला त्यांना किताब आणि गव्हर्नरपदे मिळाली. तो हिशेब कोणतेही न्यायालय आपण होऊन चुकता करणार नाही. तो श्रमिकांच्या संघटित शक्तीलाच करावा लागेल.