सद्भावनेवर सुटणारे कैदी

एडवणपासून झाईपर्यंतच्या किनाऱ्यावरील, आणि त्याहून अधिक डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरील तरुण नारळी पौर्णिमेनंतर खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जातात. मासळीच्या मागे बोट सर क्रीककडे वळली आणि पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाने ती धरली, की बोट जप्त होते व खलाशांची रवानगी कराचीच्या मालिर तुरुंगात होते. त्या भागातील सागरी सीमा उभय देशांनी आजवर ठरविलेली नाही. ती ओलांडल्याची शिक्षा मात्र ठरलेली आहे.

वस्तुतः नियम पुरेसे स्पष्ट आहेत. १९८२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कराराच्या ७३ व्या कलमान्वये, आर्थिक क्षेत्रातील मासेमारीचे नियम मोडणाऱ्यास, दोन देशांत तसा वेगळा करार नसल्यास, तुरुंगवास देता येत नाही. भारताने हा करार १९९५ साली आणि पाकिस्तानने १९९७ साली स्वीकारला. २००८ च्या द्विपक्षीय करारात तर शिक्षा संपून राष्ट्रीयत्वाची खात्री पटल्यावर महिन्याभरात परत पाठविण्याचे वचन आहे. तरीही १ जानेवारी २०२५ रोजी याद्यांची देवघेव झाली तेव्हा पाकिस्तानच्या ताब्यात २१७ भारतीय मच्छीमार होते, आणि शिक्षा भोगून झालेल्या १८३ मच्छीमार व नागरी कैद्यांच्या सुटकेसाठी भारताला पुन्हा मागणी करावी लागली.

सुटका होते ती बहुधा राजकीय मुहूर्तावर. मे २०१४ मध्ये नरेंद्र मोदींच्या शपथविधीला येताना नवाझ शरीफ यांनी सुमारे दीडशे मच्छीमार सोडले. ज्यांनी नियमाने केव्हाच घरी यावयाचे त्यांना भेट म्हणून परत करण्यात औदार्य कसले?

तथापि हा प्रश्न दिल्लीलाही विचारला पाहिजे. त्याच दिवशी ८१ पाकिस्तानी मच्छीमार भारताच्या ताब्यात होते. शिवाय समुद्रावरून येणारे सगळेच चुकून येत नाहीत. १९८३ पासून श्रीलंकेतील तमिळ जीव वाचविण्यासाठी होड्यांतून रामेश्वरला आले. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही न केलेल्या भारताने त्यांना आसरा दिला, हे त्याच्या लौकिकाला साजेसेच झाले. पण निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा त्याने केला नाही. २०२५ च्या नव्या परकीय नागरिक कायद्यानंतर, ९ जानेवारी २०१५ पर्यंत आलेल्या नोंदणीकृत तमिळांना शिक्षेतून वगळले गेले तेही सरकारी आदेशाने. आदेशाने मिळालेली सूट आदेशानेच काढून घेता येते. म्हणजे कराचीतील खलाशी आणि रामेश्वरचा निर्वासित, दोघेही सरकारच्या मर्जीवरच!

पाकिस्तानकडे नियमाचा आग्रह धरावयाचा तर शिक्षा संपलेल्या पाकिस्तानी मच्छीमारांना, बदल्यात कोण सुटते याचा हिशेब न घालता, दिल्लीने महिन्याभरात परत धाडावे. १ जानेवारी आणि १ जुलै या याद्यांच्या दोन तारखांवर डोळे लावून बसलेल्या तलासरीच्या पाड्यांसाठी दिल्लीला आजच्या आज करता येण्याजोगे काम हेच आहे.